कूलरच्या बोर्डावरचा लाल टॅग

आमच्या घरी आलेला पहिला कॉम्प्युटर हा कॉम्प्युटर नव्हता. हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दिसायला तो कळफलक होता. पांढुरक्या प्लास्टिकची जाडजूड पाटी, तिच्यावर एबीसीडीची बटणं, माथ्यावर कॅसेट खोचायची खाच आणि पाठीतून निघालेल्या वायरी. एक वायर टीव्हीत जायची, एक विजेच्या अडॅप्टरला आणि एक हातात धरायच्या डबीला. त्या डबीला आम्ही रिमोट म्हणायचो, ती वायरीने बांधलेली असूनही. कॅसेट दोन होत्या. एकीत टायपिंग शिकवायचे धडे आणि दुसरीत खेळ. टायपिंगची कॅसेट शेवटपर्यंत नव्यासारखी राहिली.

यंत्र मुळात आमचं नव्हतं. नागपूरच्या मामांनी ते त्यांच्या मुलाला घेऊन दिलं होतं. मुलाची कसलीशी प्रवेशपरीक्षा तोंडावर आली, तेव्हा त्याला त्या यंत्रापासून सोडवायचा एकच उपाय त्यांना सुचला. यंत्र उचलायचं आणि दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवायचं. तसं नागपूरहून पाहिलं तर आमची भिलाई आधीही दुसऱ्या राज्यातच होती. आता छत्तीसगड वेगळं झाल्यामुळे फक्त राज्याचं नाव बदललं होतं.

मामांनी खोकं उघडलं तेव्हा बाबा नुकतेच स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आले होते.

"हे काय आणलं?"

"कॉम्प्युटर आहे भाऊजी. अभ्यासाचा."

"मंग आमाले कावून देऊन राहिले?"

"पोरगा लय अभ्यास करून राहिला त्याच्यावर," मामा म्हणाले आणि चहा प्यायले.

बाबांनी यंत्र उलटं करून पाहिलं, मागचे स्क्रू मोजले. मी टायपिंगची कॅसेट लावून पडद्यावर माझं नाव उमटवून दाखवलं. मग त्यांनी बटण बंद केलं आणि परत चालू केलं. नाव गेलेलं होतं. "बंद केल्यावर जे विसरून जाते, त्याचा काय भरवसा," असा शेरा मारून ते आंघोळीला गेले. ते प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं पहिलं मत सहसा शेवटचं असायचं.

माझं मत वेगळं होतं. सुट्या लागायच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात जाहीर करून टाकलं की आमच्या घरी कॉम्प्युटर आलाय. एकीने विचारलं, "प्रिंटर भी है?" मी म्हटलं, "अभी नहीं लिया." जणू बाकीचं सगळं घेऊन झालं होतं. तेव्हा मी आठवी पास होऊन नववीत जाणार होते आणि या देशाच्या तांत्रिक प्रगतीत माझा हातभार लागायला सुरुवात झाली आहे, असा माझा प्रामाणिक समज होता.

अडचण एकच होती. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत विजेचा बोर्ड एक आणि त्यात प्लग लावायच्या जागा दोन. एकीत टीव्ही, दुसरीत कूलर. यंत्राचा अडॅप्टर लावायचा तर कूलरचा प्लग काढावा लागायचा. भिलाईच्या मे महिन्यात कूलरचा प्लग काढणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको आणि न राहिलेल्याला सांगून कळणार नाही.

त्यामुळे आमचा खेळ बाबांच्या शिफ्टवर चालायचा. सगळ्या टाउनशिपचं जगणंच शिफ्टवर चालायचं. कोणाकडे पाहुणे कधी यायचे, भाजीला फोडणी कधी पडायची, पोरांनी गल्लीत ओरडायचं की नाही, हे सगळं त्या घरातला माणूस ए शिफ्टला आहे, बीला की सीला, यावर ठरायचं. सी शिफ्टचा आठवडा असला की बाबा दिवसा झोपायचे आणि आम्ही घरात चपला हातात घेऊन चालायचो. बी शिफ्टला ते दुपारी घराबाहेर पडले की यंत्र आमचं. ए शिफ्टला ते पहाटेच निघायचे आणि दुपारी दोनला सुटून अडीचच्या सुमारास घरी यायचे. तोवर आम्ही घामाने चिकटलेल्या हातांनी खेळायचो. अडॅप्टर तापून भाकरीच्या तव्यासारखा व्हायचा. तो स्टीलच्या ताटलीत ठेवायचा शोध माझा. त्याचा उपयोग काही नव्हता, पण मला बरं वाटायचं.

खेळ पुष्कळ होते. कॅसेटवर जो आकडा लिहिला होता तो खोटा होता. तेच आठ-दहा खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. त्यातला एक ठोकळ्यांचा. वरून वेड्यावाकड्या आकारांचे ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली घट्ट रचायचे, ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी व्हायची आणि गुण मिळायचे. रचलेली भिंत माथ्याला टेकली की खेळ खलास. दादा या खेळात तरबेज होता. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अकरावीत गेलेला. त्याचा उच्चांक एक लाख चौदा हजार होता आणि तो त्याने कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून ठेवला होता, खाली सहीसुद्धा. मी ब्याऐंशी हजारांवर अडकले होते.

"पोरींचा हात नाही चालत यात," दादा म्हणायचा. "तू टायपिंग कर."

आता त्याचं आणि माझं काय ठरलं होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कूलरमध्ये पाणी भरायचं काम आम्ही एकाआड एक दिवस वाटून घेतलं होतं. खिडकीच्या बाहेरून बारा बादल्या. नळाला जोर नसल्यामुळे पाइप लावून चालत नसे. बादली भरायची, अंगणातून वळसा घालून आणायची, छातीपर्यंत उचलायची आणि टाकीत ओतायची. पैज अशी की मामा यंत्र परत न्यायला येतील तेव्हा ठोकळ्यांच्या खेळात ज्याचा आकडा खाली, त्याने उरलेला उन्हाळा आणि पुढचा सबंध उन्हाळा एकट्याने पाणी भरायचं. आणि आकडा धरला जाणार तो समोरच्याने पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तरच. ही अट दादाची. मी एकदा खोटा आकडा सांगून पाहिला होता, त्यानंतरची.

आता टॅगचं. प्लांटमध्ये एखाद्या यंत्रावर काम करायचं असलं की इलेक्ट्रिशियन आधी त्याची वीज तोडतो आणि बटणावर लाल पुठ्ठ्याचा टॅग तारेने अडकवतो. त्यावर हिंदीत छापलेलं असतं, 'सावधान, काम चालू है, स्विच न छुएँ', आणि खाली लावणाऱ्याची सही. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. असा एक छपाई बिघडलेला टॅग बाबांनी घरी आणला होता आणि घरातल्या पंख्याला तेल जरी घालायचं असलं तरी ते तो बोर्डावर अडकवायचे. आम्हांला त्याचं हसू यायचं. एकदा आईने, बाबा स्टुलावरून उतरून पाणी प्यायला गेले तेवढ्यात, मिक्सरवर चटणी वाटायची म्हणून टॅग बाजूला करून बटण दाबलं. झालं काहीच नाही. बाबा परत आले, बटण बंद केलं आणि आपला डावा हात आईसमोर धरला. त्या हाताची करंगळी एका पेराने तोकडी आहे. नोकरी लागायच्या आधी ते तुमसरकडच्या एका धानाच्या गिरणीत कामाला होते. तिथे ते पट्टा चढवत असताना कोणीतरी 'बंद कावून आहे' म्हणत बटण दाबलं होतं. ती चटणी त्यांनी खाल्ली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

मामेभावाची परीक्षा झाली आणि मामा उद्या सकाळी येणार असा निरोप आला. म्हणजे माझ्याकडे एक दिवस होता. बाबा ए शिफ्टला. आई एका लग्नासाठी सकाळच्या बसने कुम्हारीला गेली होती. दादाला एकपासून गणिताची ट्यूशन, रुआबांध्याला. पाणी भरायची पाळी माझी होती. ती मी 'नंतर' वर ढकलली आणि बारा वाजता कूलरचा प्लग काढून बसले.

पहिल्या खेळात पंचावन्न हजार. दुसऱ्यात एकाहत्तर. तिसऱ्यात मात्र काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. लांब दांड्यासारखा ठोकळा, ज्याची एरवी वाट बघून बघून मरण यायचं, तो मागितल्यासारखा येत गेला. नव्वद हजार झाले. एक लाख झाले. माझ्या हाताला इतका घाम होता की मी मध्येच रिमोट फ्रॉकला पुसायची सोय म्हणून तो मांडीत घट्ट धरून खेळत होते. एक लाख चौदा हजार मागे पडले तेव्हा मी ओरडले. घरात कोणी नव्हतं. एक लाख एकोणीस हजारांच्या वर गेल्यावर भिंत माथ्याशी आली आणि मी थांबायचं बटण दाबलं.

पडदा गोठला. आकडा वरच्या कोपऱ्यात लुकलुकत राहिला. घड्याळात पावणेदोन.

खेळ संपू दिला असता तर यंत्राने आकडा क्षणभर दाखवून पुसून टाकला असता. थांबवून ठेवला तर वीज असेपर्यंत तो तिथे राहणार. म्हणजे दादाला आणायचं. ट्यूशनच्या सरांकडे फोन होता, पण 'दादाला सांगा, बहिणीने ठोकळ्यांत मागे टाकलं' हा निरोप गणिताच्या सरांना द्यायची माझी हिंमत नव्हती. सायकलने रुआबांधा पंधरा मिनिटं. जाऊन येईतो अडीच. आणि अडीचला बाबा घरी येणार, पहिलं काम म्हणजे अडॅप्टर उपटून कूलर लावणार.

मी फार हुशार मुलगी होते. मी बोर्डाशेजारच्या खिळ्यावरचा लाल टॅग काढला, बोर्डावर अडकवला आणि खाली माझी सही केली. सहीखाली कंसात 'इनचार्ज'. मग खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायचा ही घरची शिस्त म्हणून पंखा बंद केला. टीव्ही चालू, यंत्र चालू, अडॅप्टर ताटलीत तापतोय, आणि मी वीज वाचवली.

दोन वाजताच्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डोक्याला ओढणी गुंडाळायची असते हेही मला सुचलं नाही. सरांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सहा-सात पोरं चटईवर बसली होती आणि सर फळ्याशी. मी सायकल तशीच टाकून दारात उभी राहिले. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत घाम गेल्यामुळे पाणी वाहतंय, आणि धाप लागल्यामुळे शब्द फुटत नाही.

"दादा," मी म्हटलं, "घरी चल. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

सहा-सात पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर व्हिडिओ गेमचं नाव काढायचं म्हणजे दादाची अब्रू आणि माझीही. म्हणून मी म्हटलं, "इथं नाही सांगता येत मला."

दादा उठला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. सरांनी विचारलं, "पापा की ड्यूटी कौन सी है?"

"ए शिफ्ट," मी म्हटलं.

सरांनी पुढे काही विचारलं नाही. "चल बेटा, चल, मैं छोड़ता हूँ," म्हणत त्यांनी दादाचा दंड धरला, त्याला उठवला आणि स्कूटर काढली. पोरं एकमेकांकडे न बघता वह्या मिटायला लागली. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, दादाने सरांना पैजेबद्दल सांगितलेलं दिसतंय. एवढा मोठा माणूस स्वतः आकडा बघायला येतोय. स्कूटरच्या मागे सायकल दामटताना मी मनात भाषणाची तयारी करत होते.

प्लांटच्या वस्तीत जन्मलेल्या मुलीला जे पाळण्यात कळायला हवं ते मला त्या पंधरा मिनिटांत एकदाही सुचलं नाही. ड्यूटीच्या वेळात कोणी दारात येऊन 'घरी चल' म्हणालं, आणि कशासाठी ते सांगितलं नाही, तर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. तो अर्थ सरांना कळला, त्या पोरांना कळला, दादाला तर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कळला होता. मी एकटीच त्या सगळ्यात आकड्याचा विचार करत होते.

मी पोचले तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि स्कूटर फाटकात आडवी लावलेली. समोरच्या क्वार्टरमधल्या आंटी, सरांना आणि दादाला धावत आत शिरताना बघून, हातातलं पीठसुद्धा न धुता मागोमाग आल्या होत्या. आत सर उभे, त्यांच्या हातात अजून खडू. आंटी उभ्या. दादा खोलीच्या मधोमध उभा. आणि बाबा, त्या दिवशी नेमके लवकर सुटून आलेले, खुर्चीत बसलेले.

बाबा बनियनवर होते आणि बनियन पिळून काढता आलं असतं. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, त्याने वारा घेत होते. कूलर बंद, पंखा बंद. समोर पडद्यावर गोठलेली ठोकळ्यांची भिंत, बोर्डावर लाल टॅग. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. पंख्याचं बटणसुद्धा त्याच बोर्डावर होतं, म्हणून तेही नाही. आतल्या खोलीत दुसरा पंखा होता, तिकडे जाऊन बसता आलं असतं. पण टॅग लावणारा जागेवर नसेल तर त्या जागी कोणीतरी थांबायचं असतं, म्हणून ते थांबले होते.

"बाबा, तुमाले काही झालं नाही ना?" दादा विचारत होता. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"मले काय झालं? मी तं बसून राहिलो. हे लोकं कावून आले?"

तेवढ्यात मी दारातून ओरडले, "पाहिला का? एक लाख एकोणीस हजार!"

सर हळूच खाली जमिनीवर बसले. आंटींनी पिठाचा हात पदराला पुसला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. ते देवाला उद्देशून असावं, मला उद्देशून असतं तर यापेक्षा लांब असतं. दादा माझ्याकडे वळला. मला वाटलं तो मारणार. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मले वाटलं बाबा गेले," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम नाही. आधी सरांच्या हातातला खडू कळला, मग आंटींचं पीठ, मग त्या पोरांनी वह्या का मिटल्या ते.

बाबांनी दादाकडून सगळं ऐकून घेतलं. सरांना म्हणाले, "सॉरी सर. बैठिए. पानी लाता हूँ." स्वतः उठून माठातलं पाणी आणून सरांना आणि आंटींना दिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"टॅग कोणाचा हाय?"

"माझा."

"काम झालं का तुझं?"

मी दादाकडे बघितलं. त्याची पाठ टीव्हीकडे होती. तो भिंतीला टेकून बाबांकडे बघत होता, बाबा अजून तिथेच आहेत ना याची खात्री करत असल्यासारखा. मला एक वाक्य बोलायचं होतं: 'दादा, मागं वळून एकदा बघ.' पाच शब्द. दोन उन्हाळ्यांच्या बादल्या त्यावर होत्या. उद्या मामा यंत्र नेणार होते आणि असा खेळ मला पुन्हा जमणार नव्हता, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी ते वाक्य बोलले नाही. हा मोठेपणा नव्हता. त्या खडूसमोर आणि पिठासमोर आकड्याचं नाव काढायची मला लाज वाटली.

"झालं," मी म्हटलं.

"मंग काढ."

मी टॅग काढला. अडॅप्टर उपटला, बोटं भाजली. पडदा पांढरा झाला आणि खरखर सुरू झाली. कूलरचा प्लग लावून मी बटण दाबलं तर आतून गरम वाऱ्याचा झोत आला. टाकी कोरडी होती. पाळी माझी होती.

त्यानंतरचा अर्धा तास मी तीन वाजताच्या उन्हात बारा बादल्या भरल्या. सर आणि आंटी आत बसून होते, दोघांनाही निघायचं त्राण नव्हतं. बाबा खिडकीशी येऊन उभे राहिले. माझ्या हातातली बादली घेतील असं वाटलं, पण ते तसले बाबा नव्हते.

"दोन गोष्टी आयक," ते म्हणाले. "टॅग लावून जागा सोडाची नाही. आणि ड्यूटीच्या टायमात कोणाच्या दारात जाऊन असं उभं राहाचं नाही. आधी सांगाचं, बाबा बरे हायेत. मंग काय ते बाकीचं."

याउपर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. आई रात्री लग्नाहून आली, तिला आंटींनी फाटकातच सगळं सांगितलं. आई पुष्कळ बोलली. मामा दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन गेले. मामेभावाला त्या परीक्षेत काही मिळालं नाही.

पैजेचा निकाल उघड होता. माझा आकडा कोणी पाहिला नव्हता; दादाचा कॅलेंडरमागे लिहिलेला होता. उरलेला उन्हाळा आणि पुढचा उन्हाळा पाणी मी भरलं. दादा खिडकीत उभा राहून बादल्या मोजायचा आणि अकरावी बादली ओतली की "अजून एक, साहेब" म्हणायचा. मी त्याला काही बोलायचे नाही. जवळजवळ दोन वर्षं मी त्या मुलाला उलट उत्तर दिलं नाही. आमच्या घरात त्याआधी आणि त्यानंतर असं कधी घडलेलं नाही.

आता मी चाळिशीला टेकले आहे. कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात खरेदीचं काम बघते, दिवसभर खऱ्या कॉम्प्युटरसमोर असते आणि टायपिंग अजूनही दोन बोटांनी करते. बाबा रिटायर होऊन कुरुदकडे बांधलेल्या घरात राहतात. एसी त्यांनी लावू दिलेला नाही. कूलर तोच आहे. मोटर दोनदा बदलली, गवत दर वर्षी. कामावर असताना मला घरून फोन आला की पलीकडचा माणूस पहिलं वाक्य "सगळे बरे आहेत" असं बोलतो. माझ्या मुलीला वाटतं सगळीकडे फोनवर असंच बोलतात.

दादा पुण्याला असतो. गेल्या मे महिन्यात आला होता. दुपारी आम्ही बाबांकडे कूलरसमोर बसून आंबे कापत होतो, आणि माझी मुलगी मोबाइलवर कसलासा खेळ खेळत होती. ठोकळे नव्हते, पण काहीतरी पडत होतं. तिने मान वर न करता विचारलं, "मम्मी, आपका हाईस्कोर कितना था?"

"एक लाख एकोणीस हजार," मी म्हटलं. "पण कोणी पाहिला नाही."

"एकोणीस हजार चारशे," दादा म्हणाला.

माझी सुरी थांबली. चारशेबद्दल मी कधी कोणाला बोलले नव्हते. खरं म्हणजे तो चारशे मला स्वतःलाच आठवत नव्हता. त्याने म्हटल्यावर लुकलुकताना दिसला.

"तू पाह्यलं होतं?"

"घरात शिरलो तवाच पाह्यलं. बाबा खुर्चीत दिसले, मंग टीव्ही दिसला."

"मग बोलला कावून नाही?"

दादाने कोयीला लागलेला गर चोखून काढला, कोय ताटलीत ठेवली. "पयल्या दिवशी तुह्यावर राग होता," तो म्हणाला. "मंग वाटलं, सांगावं. पण पाणी कोणी भरलं असतं?"

मी उठले, मोरीतून बादली आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा माणूस. त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठला. आतल्या खोलीतून बाबांनी आवाज दिला, "आधी प्लग काढा रे, मंग पाणी टाका." दादाने प्लग काढला, खिळ्यावरचा लाल टॅग घेऊन बोर्डावर अडकवला. पुठ्ठा फिका गुलाबी झालाय, पण माझी सही आणि 'इनचार्ज' अजून वाचता येतं.

बारा बादल्या झाल्या. अकराव्या बादलीनंतर जे म्हणायचं असतं ते मी खिडकीत उभी राहून म्हटलं.